युद्धानंतरच्या मोठ्या बोटी आतून कशा बघायच्या: सीलिंग, सनमायका आणि भिंतीत बसवलेली चित्रं

क्रूझ आणि लायनर यात सगळ्यांचा गोंधळ होतो म्हणून ते आधी उरकून टाकू. क्रूझ तुम्हाला फिरवून आणते आणि परत सोडते. लायनरचं काम एसटीसारखं, ठरलेल्या तारखेला सुटायचं, ठरलेल्या बंदरात पोचायचं, मधे वादळ आलं तरी. जेनोआ ते न्यूयॉर्क, साउदम्प्टन ते सिडनी, आणि हो, इटलीहून मुंबईपण. दुसरं महायुद्ध संपल्यावर साधारण पंचवीसेक वर्षं हा धंदा जोरात होता, मग जेट विमानं आली आणि सगळं आटोपलं. पण त्या पंचवीस वर्षांत इटली, फ्रान्स, हॉलंड, ब्रिटन, अमेरिका सगळ्यांनी आपापले चांगले आर्किटेक्ट, चित्रकार, शिल्पकार बोटींवर कामाला लावले होते, कारण परदेशी पाहुण्यासमोर देशाचं नाक म्हणजे ती बोट.

आता यातल्या काही बोटी किंवा त्यांचे तुकडे अजून बघायला मिळतात, फोटो तर नेटवर ढिगाने आहेत. आणि बहुतेक लोक "वा, काय रेट्रो आहे" म्हणतात, दोन सेल्फी काढतात आणि पुढे जातात. म्हणून हे लिहितेय. बघायचं कसं, कुठे जाऊन बघायचं आणि गुजरातमधल्या अलंगचा, म्हणजे जुन्या बोटी तोडतात तिथला, माल म्हणून कोणी काही गळ्यात मारायला लागला तर काय तपासायचं.

माझी पद्धत एवढीच आहे की चित्र नंतर बघायचं, ते कशावर काढलंय ते आधी बघायचं. लाकूड, अ‍ॅल्युमिनियम, काच, सिरॅमिक, लोकर, सनमायका. बोटीवर चित्रकाराला मोकळा कॅनव्हास कधीच मिळत नाही, आग, वजन, हलणारी जमीन आणि तिकिटाचा वर्ग हे चार जण आधीच ठरवून बसलेले असतात की इथे काय लागू शकतं. ते चार जण ओळखता आले की बाकीचं आपोआप दिसायला लागतं.

आग: लाकूड आहे की नाही ते शोधा

युद्धाच्या आधीच्या बोटी म्हणजे आत लाकूडच लाकूड. १९३४ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ मॉरो कॅसल नावाची बोट पेटली, शंभराहून जास्त माणसं गेली. मग १९४२ मध्ये फ्रान्सची नॉर्मंडी, जिच्या आतल्या सजावटीचं अख्ख्या जगाला कौतुक होतं, ती न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उभी असताना, तिचं सैनिक वाहून नेणारी बोट म्हणून रूपांतर चालू असताना, कापकामाच्या ठिणगीने पेटली आणि आग विझवायला मारलेल्या पाण्याच्या वजनाने कलंडली. यातून धडा घेऊन १९४८ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार नव्याने झाला, आणि त्यात आगीसाठी तीन वेगवेगळे मार्ग ठेवले होते. एक म्हणजे आतल्या भिंतीच न जळणाऱ्या मालाच्या करायच्या. दुसरा म्हणजे सगळीकडे पाण्याचे स्प्रिंकलर लावायचे. तिसरा, बोटीचे आगरोधक कप्पे पाडायचे, जळणाऱ्या मालावर मर्यादा ठेवायची आणि आग लगेच कळेल अशी यंत्रणा बसवायची.

हे कंटाळवाणं वाटेल पण फोटो बघताना सगळ्यात जास्त कामाला हेच येतं. अमेरिकनांनी पहिला मार्ग धरला, तोही टोकाला जाऊन. ब्रिटिशांचा कल स्प्रिंकलरकडे, म्हणून त्यांच्या बोटींत १९६० नंतरसुद्धा लाकडाचं व्हिनिअर भरपूर दिसतं. तर एखाद्या हॉलचा फोटो समोर आला की सीलिंगवर स्प्रिंकलरची छोटी छोटी तोंडं दिसतायत का ते झूम करून बघा. ती असतील आणि भिंतीवर लाकूड असेल तर बोट ब्रिटिश असण्याची शक्यता वाढते. खात्री नाही, पण सुरुवात तरी होते.

टोकाचं उदाहरण म्हणजे एसएस युनायटेड स्टेट्स, १९५२ ची. विल्यम फ्रान्सिस गिब्स हा तिचा डिझायनर, आगीचं त्याला जवळजवळ वेड होतं. पहिल्याच सफरीत तिने अटलांटिक तीन दिवस, दहा तास आणि चाळीस मिनिटांत ओलांडला, तो रेकॉर्ड मोठ्या प्रवासी बोटींमध्ये प्रसिद्ध आहेच. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे पियानो आणि खाटकाचा ठोकळा सोडला तर बोटीवर लाकूड नाही असं अभिमानाने सांगितलं जायचं. गिब्सला पियानोसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचा हवा होता असा किस्सा सांगतात. आतली सजावट डोरोथी मार्कवॉल्ड आणि अ‍ॅन अर्कहार्ट या दोघींकडे होती आणि त्या बायकांनी काय कसरत केली असेल विचार करा, खुर्च्यांचे सांगाडे अ‍ॅल्युमिनियमचे, पडदे न जळणाऱ्या धाग्यांचे, आणि कलाकारांना सांगितलेलं की पेटणारं काही आणू नका. म्हणून तिथे बॉलरूममध्ये चार्ल्स गिल्बर्टची कोरीव काचेची पॅनेलं होती, समुद्राखालचं जग दाखवणारी, आणि जिन्यांपाशी अ‍ॅल्युमिनियमची शिल्पं. काही लोकांना ती बोट थंड, दवाखान्यासारखी वाटते. मला नाही वाटत. काचेवर कोरलेला समुद्र खऱ्या समुद्रावरून जाताना बघायचा, त्यामागे नुसता आगीचा नियम असला तरी कल्पना झकास आहे.

दुसरं उदाहरण फ्रान्स, म्हणजे एसएस फ्रान्स, १९६२ ची, ३१५ मीटर लांब. तिथेही लाकूड जवळजवळ हद्दपार. पहिल्या वर्गाचा डायनिंग हॉल शांबोर नावाचा, गोल, वर घुमटासारखं सीलिंग, आणि भिंतीवर ज्याँ मांदारूचं लांबलचक चित्र, सोनेरी अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलवर. आता इथे पद्धत लावून बघा. चित्राचा विषय खाणंपिणं, मजा, आयुष्यातले आनंद, बरं, ठीक आहे. पण सोनेरी धातूच पार्श्वभूमी झालाय, म्हणजे फ्रेंच राजवाड्याचा थाटही आला आणि अग्निशामक नियमही पाळला गेला. सोन्याचा वर्ख लावलेलं लाकूड चाललं नसतं म्हणून धातूलाच सोनं केलं.

आणि फ्रान्सवर विणलेली भित्तिचित्रं खूप होती, तिकडच्या ओब्युसाँ या विणकामाच्या गावची, ज्याँ पिकार ल दू, ल्युसिएँ कुतो असे कलाकार. लोकरीचं कापड भिंतीवर का, असं वाटेल. आवाज शोषला जातो, काच फुटायची भीती नाही, गुंडाळून काढता येतं, आणि अ‍ॅल्युमिनियम-लॅमिनेटच्या गुळगुळीत खोलीत डोळ्याला काहीतरी खरखरीत मिळतं. शेवटचं कारण माझं, कंपनीचं नाही.

वजन: मान वर करा

कुठल्याही बोटीच्या हॉलमध्ये शिरलात की पहिल्यांदा सीलिंग बघायचं. गाईड तुम्हाला कार्पेट दाखवेल, दाखवू दे.

कारण असं की बोटीत वरच्या मजल्यांवर वजन चढवलं की ती डुलायला लागते, म्हणून युद्धानंतर वरचे मजले अ‍ॅल्युमिनियमचे करायला लागले, पण तरी उंची मोजूनमापूनच मिळते. हॉल लांबरुंद आणि छप्पर डोक्यावर, अशी अवस्था. मग डिझायनर काय काय करतात ते बघण्यात खरी मजा आहे. मधोमध घुमट काढायचा आणि कडेची उंची मुद्दाम कमी ठेवायची म्हणजे मधला भाग उंच वाटतो. दिवे लपवायचे म्हणजे छताची कड दिसत नाही. किंवा छतालाच शिल्प करायचं.

शेवटच्या प्रकारासाठी मिलानला जा. तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान म्युझियममध्ये, लिओनार्दो दा विंचीच्या नावाचं जे आहे ना, काँते बियांकामानो या बोटीचा एक मोठा तुकडाच आणून ठेवलाय, ब्रिज, केबिन्स आणि नाचाचा हॉल. ही बोट मुळात १९२५ ची, युद्धात अमेरिकनांनी घेतली, सैनिक वाहिले, परत मिळाल्यावर इटालियनांनी ती आतून पार नवी केली आणि त्या कामात जिओ पोंती, नीनो झोंकादा असे इटालियन आर्किटेक्ट होते. १९६० मध्ये निवृत्त झाली, भंगारात जाताना हा भाग वाचवला, १९६४ पासून मिलानमध्ये आहे. नाचाच्या हॉलचं सीलिंग मार्चेलो मास्केरिनीचं, जेसन आणि सोनेरी लोकरीची ग्रीक गोष्ट, उठावात. म्युझियममध्ये लोक त्या हॉलमध्ये येतात, आरशात बघतात आणि जातात, वर बघतच नाहीत. तुम्ही बघा. खाली नाचणाऱ्यांच्या गर्दीत भिंतीवरचं चित्र झाकलं जातं, छतावरचं नाही, हा साधा हिशोब आहे त्यामागे.

क्यूई२, म्हणजे क्वीन एलिझाबेथ २ ही ब्रिटिश बोट, तिच्यात वेगळी युक्ती आहे. क्वीन्स रूम, मायकेल इंचबाल्डची, १९६९. हॉलमध्ये खांब नको असतात पण बोटीला खांब लागतातच, तर त्याने खांब लपवले नाहीत, वर तुतारीसारखे पसरवून छतात मिसळून टाकले, पांढरेशुभ्र. खुर्च्यांचे पायपण तसेच, उलटे तुतारीचे. खांबापासून खुर्चीपर्यंत एकच आकार. हे जर दिसलं तर त्या हॉलचा अर्धा डाव कळला.

जमीन सपाट नसते

जुन्या लायनरमध्ये डेक, म्हणजे बोटीचा मजला, लांबीला वाकलेला असतो, टोकांकडे हळूहळू वर जाणारा, आणि रुंदीलाही मधे किंचित फुगीर, म्हणजे पाणी कडेला वाहून जावं. लांब कॉरिडॉरच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे बघा, शेवटचे दरवाजे वर सरकल्यासारखे वाटतील. आता या वाकड्या जागेत सरळ रेषेतली चौकट, सरळ पट्टे, टाइल्सचं डिझाइन बसवायचं म्हणजे सुताराचा जीव जातो. म्हणून भिंतीवरचे आडवे पट्टे जमिनीशी समांतर आहेत की खऱ्या क्षितिजाशी, ते तपासा. चांगल्या कामात डिझायनरने कुठेतरी तडजोड करून ती फटीत लपवलेली असते, ती फट सापडली की मला तरी फार आनंद होतो.

फर्निचर बघताना वाकून खालून बघायचं, लाज वाटू देऊ नका. खुर्चीखाली हूक किंवा कडी असते, वादळात जमिनीला साखळीने बांधायला. टेबलाच्या कडेला उचलता येणारी पट्टी असते म्हणजे ताटं घसरू नयेत. कोपरे गोल. हाताला धरायला रेलिंग सगळीकडे, आणि उत्तम डिझायनर त्या रेलिंगलाच दागिना करतो. जमीन लिनोलियम किंवा रबराची, त्यात रंगीत तुकडे कापून बसवलेलं डिझाइन, हेपण कलाकाराकडूनच करून घेतलेलं असायचं अनेकदा. आणि सनमायका, म्हणजे तिकडचं फॉर्मायका, क्यूई२ वर तर भरभरून. आपल्याकडे सनमायका म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण १९६० च्या आसपास ते नवं, स्वच्छ, सहज न पेटणारं आणि पॉश होतं, त्या काळाच्या डोळ्याने बघा.

तिकीट: कोणाला कुठे जायची परवानगी होती

हे फोटोत दिसत नाही, त्यासाठी डेक प्लॅन लागतो. बोटीच्या नावासोबत "डेक प्लॅन" असं शोधलं तर बहुतेक मोठ्या बोटींचे मिळतात, रंगवलेले असतात, पहिला वर्ग एका रंगात, टुरिस्ट वर्ग दुसऱ्या. आधी तो उघडायचा, मग फोटो. नाहीतर काय होतं, पहिल्या वर्गाचा हॉल बघून आपण म्हणतो "तेव्हा लोक कसे राजेशाही जायचे", आणि खाली टुरिस्टमधले शेकडो लोक कसे जायचे ते राहूनच जातं.

या विषयावर सगळ्यात हुशार बोट म्हणजे हॉलंडची एसएस रॉटरडॅम, १९५९. आधीच्या बोटींत वर्ग उभे कापलेले असायचे, मधला चांगला भाग पहिल्या वर्गाला, हलणारी टोकं बाकीच्यांना. रॉटरडॅमवर ते आडवं कापलं, एक अख्खा डेक पहिल्या वर्गाला आणि त्याच्या खालचा अख्खा टुरिस्टला. आणि मधे एक जिना आहे, खरं तर एकात एक गुंफलेले दोन जिने, सरकत्या पार्टिशनसकट. दोन वर्गांचे लोक एकाच जिन्याच्या जागेतून वरखाली जायचे पण एकमेकांना दिसायचे नाहीत. क्रूझवर जाताना, तेव्हा सगळे एकाच वर्गाचे, पार्टिशन सरकवून जिना बदलून टाकायचा. सिनेमागृहातही बाल्कनी पहिल्या वर्गाला, खालचा भाग टुरिस्टला. तिथे गेलात तर जिन्यापाशी किमान अर्धा तास काढा, वर जा, खाली या, आपण कुठल्या वर्गाच्या जिन्यावर आहोत हे विसरून बघा. भिंतीवरच्या कुठल्याही चित्रापेक्षा तो जिना जास्त सांगतो त्या काळाबद्दल.

कॅनबेरा, १९६१ ची पी अँड ओ कंपनीची, इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया. आतल्या सजावटीचा मुख्य सूत्रधार ह्यू कॅसन. तिथे तरुण पोरांसाठी पॉप इन नावाची खोली होती आणि तिच्या लाकडी भिंतीवर चित्रं काढायला एका कॉलेजच्या पोराला बोलावलं, तापलेल्या सळईने लाकूड जाळून काढलेली चित्रं. तो पोरगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध चित्रकार झालेला डेव्हिड हॉकनी. ते काम पुढे काढून टाकलं. आज त्या एका भिंतीची किंमत काय झाली असती याचा हिशोब न केलेला बरा. पण बघा, वर्गाचा मुद्दा इथेही आहे, पहिल्या वर्गाच्या हॉलमध्ये विद्यार्थ्याला कोणी सळई हातात देऊन सोडलं नसतं, पोरांच्या खोलीत चाललं. म्हणून प्लॅनवर मुलांची खोली, टुरिस्टचा बार, स्विमिंग पूलजवळची जागा या कोपऱ्यातल्या जागा आवर्जून शोधा, प्रयोग तिथे सापडतात.

आता चित्रं, आणि अर्थात आंद्रेया दोरिया

कलेच्या बाबतीत इटालियन लोकांसमोर बाकीचे फिके पडतात असं माझं मत आहे, भांडायचं असेल तर भांडा. युद्ध हरलेला देश, नाव खराब झालेलं, आणि त्यांनी ठरवलं की तरंगतं प्रदर्शनच पाठवायचं. आंद्रेया दोरिया जानेवारी १९५३ मध्ये जेनोआहून न्यूयॉर्कला पहिल्यांदा निघाली. पहिल्या वर्गाच्या लाउंजमध्ये साल्वातोरे फ्यूमेचं भित्तिचित्र, ४८ मीटर लांब आणि ३ मीटर उंच, एक काल्पनिक शहर, ज्यात इटलीच्या जुन्या सगळ्या महान कलाकृती रस्त्यात उभ्या आहेत असं दाखवलेलं. मधे अ‍ॅडमिरल आंद्रेया दोरियाचा ब्राँझचा पुतळा, जोव्हानी पागानिनचा. आणि झोडिअॅक नावाचा स्वीट, पोंती आणि फोर्नासेत्ती या जोडीचा, ज्यात भिंती, कपाटं, पडदे, पलंगपोस सगळ्यावर राशींची चित्रं छापलेली, मेष, वृषभ, मिथुन, काही सुटलं नाही. झोप कशी लागायची देव जाणे.

२५ जुलै १९५६ च्या रात्री नॅन्टकेटजवळ धुक्यात स्टॉकहोम नावाच्या स्वीडिश बोटीने तिला धडक दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुडाली. दोन्ही बोटींवरची मिळून ५१ माणसं गेली.

आणि आता माझी पद्धत इथे अगदी क्रूरपणे सिद्ध होते. फ्यूमेचं ते ४८ मीटरचं शहर गेलं. राशींची खोली गेली. पण १९६४ मध्ये पाणबुड्यांनी अ‍ॅडमिरलचा पुतळा वर काढला, घोट्यापाशी कापून, पावलं खालीच राहिली. आणि १९९३ मध्ये ग्विदो गाम्बोनेची सिरॅमिक पॅनेलं वर आली. ब्राँझ आणि भाजलेली माती खाऱ्या पाण्यात टिकली, रंग टिकला नाही. म्हणून एखाद्या बोटीवर नक्की काय काय होतं ते समजून घेताना, आज म्युझियममध्ये जे उरलंय तेवढंच तिथे होतं असं समजू नका, जे टिकाऊ होतं ते उरलंय. बाकीच्यासाठी फोटो.

फोटोबद्दल दोन शब्द. कंपनीचे फोटो रिकाम्या खोल्यांचे असतात, माणसं नाहीत, सिगारेटचा धूर नाही, खुर्च्या रांगेत, आणि रुंद लेन्समुळे खोली असते त्यापेक्षा मोठी वाटते. खुर्चीच्या उंचीवरून सीलिंगचा अंदाज घ्या, मग खरं माप कळतं. ब्रोशरमधली रंगीत चित्रं अनेकदा बोट पूर्ण व्हायच्या आधी रंगवलेली असतात, त्यावर रंगांसाठी फार विसंबू नका. प्रवाशांनी काढलेले स्नॅप सगळ्यात कामाचे, मागे कोपऱ्यात चुकून आलेली भिंतच आपल्याला हवी असते.

हे घरच्या अल्बमलाही लागू आहे बरं का. १९५३ पासून लॉइड त्रिएस्तीनो या इटालियन कंपनीच्या एशिया आणि व्हिक्टोरिया या बोटी मुंबईला यायच्या, आणि त्या काळात युरोपात शिकायला गेलेल्या कितीतरी लोकांनी अशाच बोटी पकडल्यात. आजोबांचा किंवा आत्याचा बोटीवरचा फोटो असेल तर चेहरे सोडून मागे बघा. मेनूकार्ड, सामानाचं लेबल, प्रवाशांची छापील यादी असेल तर टाकू नका, मेनूचं मुखपृष्ठ हेपण बोटीच्या सजावटीचाच भाग असायचं. कार्डावर वर्ग लिहिलेला असतो, त्यावरून प्लॅनवर ती खोली शोधता येते.

कुठे जायचं

सगळ्यात सोपं दुबई. पोर्ट रशीदला क्यूई२ आहे, २००८ मध्ये आली आणि २०१८ मध्ये हॉटेल म्हणून उघडली. आपले इतके लोक दुबईत आहेत, प्रत्येकाचा कोणीतरी मावसभाऊ तिथे असतोच, एक संध्याकाळ काढा. पण एक लक्षात ठेवा, ती बोट जवळजवळ चाळीस वर्षं चालली आणि आतून अनेकदा बदलली, त्यामुळे तुम्ही बघाल ते सगळं १९६९ चं नाही. क्वीन्स रूमचे खांब आणि छत मूळच्या वळणाचे, तिथून सुरुवात करा. हेलेना हर्नमार्कने विणलेली बोटीच्या जलावतरणाची भित्तिचित्रं कुठे लावलीत ते विचारा.

सगळ्यात चांगलं रॉटरडॅम. एसएस रॉटरडॅम तिच्याच नावाच्या शहरात २०१० पासून हॉटेल आणि म्युझियम म्हणून उघडी आहे, रात्री राहता येतं, आणि मूळचं काम इतकं एकसंध दुसरीकडे कुठे बघायला मिळणं कठीण. परवडत असेल तर एक रात्र राहाच, सकाळी टूरवाले यायच्या आधी हॉल रिकामे मिळतात. मिलानचं वर सांगितलं. फ्रान्समध्ये सेंट नझेरला, जिथे फ्रान्स ही बोट बांधली तिथेच, जर्मनांच्या जुन्या पाणबुडी तळात एस्काल अटलांटिक म्हणून म्युझियम आहे, खऱ्या बोटींमधलं फर्निचर आणि पॅनेलं नव्याने उभ्या केलेल्या खोल्यांत मांडली आहेत. युनायटेड स्टेट्ससाठी घाई करू नका, ती आतून केव्हाच रिकामी झाली, सामानाचा लिलाव १९८४ मध्ये झाला, नंतर अ‍ॅस्बेस्टॉस काढताना भिंतीही गेल्या, आणि २०२५ मध्ये तिला फिलाडेल्फियाहून ओढून नेलं, फ्लोरिडाजवळ समुद्रात बुडवून माशांसाठी कृत्रिम खडक करायला.

अलंग, चोर बाजार आणि खिशाला हात घालण्याआधी

या बोटींचा आणि आपला सगळ्यात खरा संबंध दुर्दैवाने भंगाराचा आहे. मुंबईला येणारी ती व्हिक्टोरिया पुढे अ‍ॅनास्टॅसिस नावाची तरंगती हॉस्पिटल बोट झाली आणि २००७ मध्ये गुजरातच्या अलंगला तुटली. १९५२ ची इटालियन ऑगस्टस २०११ मध्ये अलंगलाच आली. आणि फ्रान्स, १९७९ नंतर नॉर्वे नावाने क्रूझवर गेलेली, ब्लू लेडी या नावाने २००६ मध्ये अलंगला पोचली, अ‍ॅस्बेस्टॉसवरून सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली, २००७ मध्ये तोडायची परवानगी मिळाली. तिच्या नाकाचं टोक मात्र २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात विकलं गेलं.

अलंगच्या रस्त्याला दुतर्फा बोटीतल्या मालाची दुकानं आहेत, मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीटला आणि दारूखाना या बोटी तोडणाऱ्या भागाच्या बाजूला काही ना काही मिळतं. तिथे कोणी म्हणाला की ही खुर्ची "फ्रान्स" ची आहे, तर मान डोलवा आणि खुर्ची उलटी करा. कडी-हूक आहे का किंवा स्क्रूची जुनी भोकं, सांगाडा कुठल्या धातूचा, कापड नंतर बदललंय का, खाली कंपनीचा शिक्का किंवा नंबरची पट्टी आहे का. मग फोनवर त्या बोटीचे दोन वेगवेगळ्या काळातले फोटो काढून ताडून बघा, कारण फ्रान्स म्हणून विकली जाणारी खुर्ची बहुतेक वेळा नंतरच्या क्रूझ काळातली असणार, १९८० नंतर आणलेली. हुकावरून खुर्ची बोटीची आहे एवढंच कळतं, कुठल्या बोटीची ते नाही. भंगारवाल्याला बोटीचं शेवटचं नाव विचारा, पहिलं नाही, शेवटचं त्याला खरंखुरं माहीत असतं, त्यावरून जुनी नावं तुम्हीच शोधा.

लिलावात "पोंतीने इटालियन बोटीसाठी केलेली" असं लिहिलेल्या खुर्च्या फार फिरतात, किंमत बघून घाम फुटतो. पोंतीने काही बोटींवर काम केलं हे खरं आहे, पण प्रत्येक बोटीवर इतर डिझायनरही होते आणि तशाच खुर्च्या जमिनीवरच्या घरांसाठीही बनत होत्या. बोटीचं नाव, खोलीचं नाव आणि त्या खोलीत तीच खुर्ची दिसणारा जुना फोटो, या तिन्ही गोष्टी विकणाऱ्याकडे नसतील तर खुर्ची आवडली म्हणून घ्या, नावासाठी जास्त पैसे देऊ नका.

भिंतीची पॅनेलं, छताचे तुकडे, दरवाज्यांचे जुने आगरोधक पत्रे शक्यतो घेऊच नका, १९८० च्या आधीचे असतील तर नक्कीच नको. आग अडवायला त्यात अ‍ॅस्बेस्टॉस भरलेलं असू शकतं, आणि घरी आणून सुताराने त्यावर ड्रिल मारलं की ती धूळ त्याच्या आणि तुमच्या छातीत जाते. चिनीमातीची भांडी, धातूच्या वस्तू, छापील कागद यात तो धोका नाही. बशी उलटी करून मागचा शिक्का बघा, बनवणाऱ्याचं नाव आणि बोट कंपनीचं चिन्ह दोन्ही सापडलं तर भाव करायला सुरुवात करा, आणि चोर बाजारात शुक्रवारी लवकर जा, त्या दिवशी तिथे जुना बाजार भरतो.